वसुली अधिकारी

निरोपकर हे त्यांचं खरं आडनाव नाही. ते आम्ही ठेवलेलं. परदेशातल्या कुठल्याही म्हाताऱ्या रॉकवाल्याने किंवा ब्लूजवाल्याने ‘हा माझा निरोपाचा दौरा’ असं जाहीर केलं की ती बातमी डोंबिवली पूर्वेला पहाटे साडेपाचच्या आत पोचलेली असते आणि पोचवणारे हे गृहस्थ असतात. ग्रुपवर त्यांचा मेसेज पडतो. त्यात सुप्रभात नसतं, गुलाबाचं फूल नसतं. गायकाचं नाव, चालू वय आणि खाली दोन शब्द: ‘शेवटचा. जायचं?’

जायचं कुठे, तर शिकागोला. नाहीतर बर्मिंगहॅमला. ग्रुपवरच्या निम्म्या मंडळींना त्या दिवशी ठाण्याला जायचंही जिवावर आलेलं असतं.

निरोपकर एका राष्ट्रीयीकृत बँकेतून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं वसुली विभागात होते, आणि ते खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. विमा एजंट दर दिवाळीला देतो त्या डायरीच्या मागच्या पानांवर त्यांनी चार रकाने आखले आहेत: नाव, जन्मसाल, तब्येत, वसुली. अक्षर लेजरातलं, टपोरं. ‘जॅगर मिक, १९४३, हृदयाची झडप २०१९, तरी नाचतो, वसूल.’ ‘क्लॅप्टन एरिक, १९४५, नसांचा विकार, बाकी.’ ‘जॉन्सन ब्रायन, एसी/डीसी, १९४७, कान, २०१६ पासून रजेवर, पुन्हा रुजू, बाकी.’ ‘कॉलिन्स फिल, १९५१, पाठ, खुर्चीवर बसून गातो, मार्च २०२२ लंडन येथे बंद, निर्लेखित.’ ही डायरी एखाद्या डॉक्टरच्या हाती पडली तर तो वॉर्डाची फेरी घ्यायला उठेल.

कोणी गेलं की नावावर लाल शाईची तिरकी रेघ. त्या दिवशी घरात सकाळपासून त्याचीच गाणी, आणि वहिनी न सांगता साधा वरणभात लावतात. २०१५ च्या मे महिन्यात बी. बी. किंग गेले तेव्हा निरोपकर अजून नोकरीत होते. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, ‘निकटवर्तीयाचे निधन’. शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, ‘कोण?’ हे म्हणाले, ‘किंग.’ साहेबांना वाटलं पारशी शेजारी असतील. मंजूर.

हे वेड आलं कुठून? निरोपकर वाढले ठाकूरद्वारच्या चाळीत. घरात रेडिओ एक आणि त्यावर हक्क वडिलांचा. शनिवारी रात्री वडील झोपले की आकाशवाणीवरचा ‘सॅटर्डे डेट’ आवाज बारीक करून, कान रेडिओच्या जाळीला लावून ऐकायचा. पैसे साठले की काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जायचं, तबकड्या उलट्यासुलट्या करून बघायच्या आणि पैसे तसेच घेऊन परत यायचं. आणि मग ऑक्टोबर १९७२ उजाडला. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट जपानचा दौरा आटोपून परतताना मुंबईत उतरले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबात शिरून तिथल्या वाजवणाऱ्या पोरांबरोबर त्यांनी वाजवलं. गाजावाजा नाही, काही नाही. ‘त्या रात्री मी तिथे होतो’ असं सांगणारे मला आजवर इतके भेटलेत की तेवढे खरोखर आले असते तर रांग गेटवेवरून थेट समुद्रात गेली असती. निरोपकरांची थोरवी ही, की ते खरं सांगतात. ते त्या रात्री घरी होते. मॅट्रिकचं वर्ष होतं आणि ते भूमितीचं रायडर सोडवत होते. बसने वीस मिनिटांचं अंतर. जगातला पहिल्या क्रमांकाचा बँड वीस मिनिटांवर वाजवत होता आणि हे दोन त्रिकोण एकरूप असल्याचं सिद्ध करत होते. ‘सिद्ध झालं का हो?’ मी एकदा विचारलं. ‘नाही,’ ते म्हणाले.

दुसरा घाव १९८० चा. मार्च महिन्यात ‘द पोलीस’ हा त्या वेळी नवाकोरा, ऐन भरातला इंग्लिश बँड धोबीतलावच्या रंगभवनात येऊन गेला. निरोपकर प्रोबेशनवर, बुलढाणा जिल्ह्यात. मुंबईच्या मित्राने पोस्टकार्ड टाकलं: ‘पोलीस येऊन गेले. तू नव्हतास ते फार वाईट झालं.’ कार्ड आधी शिपायाने वाचलं, मग रोखपालाने. पुढे महिनाभर यांच्या हाती तिजोरीची किल्ली कोणी दिली नाही.

यापुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण त्यात निरोपकरांचं अख्खं शास्त्र आहे. परकीय चलनाच्या कडक नियमांमुळे त्या काळी परदेशी वाजवणाऱ्यांना इथे बोलावून पैसे देणं हेच मुळी दुष्कर होतं. १९९१ नंतर दारं किलकिली झाली. मग १९९४ ला जेथ्रो टल आले, १९९५ ला डीप पर्पल, २००३ ला रोलिंग स्टोन्स, २००५ ला मार्क नॉफ्लर, २००७ ला रॉजर वॉटर्स. म्हणजे ही मंडळी तरुण होती तेव्हा आपल्याकडे कॅसेटमध्ये होती, आणि समोर मंचावर उभी राहिली ती केस पिकल्यावर, ज्यांचे उरले होते त्यांचे. आपल्याकडे रॉक म्हाताराच आला. म्हणून अमेरिकेतला सत्तरीचा गोरा माणूस या कॉन्सर्टना जातो आणि निरोपकर जातात, यांत फरक आहे. गोरा आपलं तारुण्य हुडकत जातो, आणि गायकाचा आवाज फाटला की हिरमुसतो, कारण त्याने तो १९७१ साली धडधाकट ऐकलेला असतो. निरोपकरांनी कुठे ऐकला होता? त्यांचं तारुण्य भूमितीत आणि बुलढाण्यात गेलं. त्यांना तुलना करायला मूळच नाही. ते येणं वसूल करायला जातात, आणि बुडीत खात्यातून रुपयात चार आणे आले तरी वसुलीवाल्याला आनंदच होतो.

मूळ नाही म्हटलं, पण एक होतं. मित्राच्या घरच्या रेकॉर्ड प्लेअरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली कॅसेट. त्यात डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ होतं. गिटारचा एकल भाग रंगात आलेला असताना चाळीच्या गॅलरीतून शेजारच्या काकूंची आरोळी त्यात भरली गेली होती, ‘पाणी आलं गं!’ त्यामागोमाग दोन बादल्यांचा आवाज. निरोपकरांनी ही कॅसेट वीसेक वर्षं ऐकली. त्यांच्या लेखी काकू त्या गाण्याचा भाग होत्या, गायक इयान गिलनइतक्याच. १९९५ ला डीप पर्पल समोर वाजवायला उभे राहिले, गाणं सुरू झालं, गिटारचा तो भाग आला, ती जागा आली, आणि काकू आल्या नाहीत. निरोपकरांचा श्वास अडकला. मग गर्दीत, हजारो माणसांत, एकोणचाळीस वर्षांच्या या बँक अधिकाऱ्याने तोंडाशी दोन्ही हात धरून आरोळी ठोकली. शेजारच्या पोराने घाबरून विचारलं, ‘अंकल, किधर?’

वहिनी या सगळ्याकडे पुण्याच्या नजरेने बघतात. माहेर सदाशिव पेठेतलं, सवाई गंधर्व महोत्सव कधी चुकवलेला नाही. भीमसेनजी पंच्याऐंशीच्या घरात, आजारपणातून उठून सवाईच्या मंचावर गायले तेव्हा त्या मंडपात होत्या. म्हाताऱ्या आवाजांबद्दल त्यांना शिकवायला जाऊ नये. एकदा निरोपकर आम्हाला ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडची गोष्ट रंगवून सांगत होते. १९६५ साली, विशीत, या माणसाने ‘माय जनरेशन’ लिहिलं, त्यात म्हातारं होण्याआधी मेलेलं बरं असा डौल होता, आणि २०२५ च्या मे महिन्यात बाबा ऐंशीचे झाले नि त्याच साली अमेरिकेत निरोपाचा दौराही करून आले. वहिनी मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘आमचा गवई पहिल्या दिवसापासून बसून गातो, म्हणून त्याचं म्हातारपण कळत नाही. तुमच्या लोकांनी आधी उड्या मारल्या. आता पंचाईत.’

रॉकच्या वार्धक्यावर मी जाडजाड लेख वाचले आहेत. त्यांतल्या एकातही एवढं मुद्द्याचं वाक्य सापडलेलं नाही.

पुढे त्यांनी असंही दाखवून दिलं की दम कमी पडला की मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य सूर उचलून धरतो, आणि यांच्याकडेही तेच चालतं, फक्त शिष्य अंधारात उभा असतो. हे अगदी खरं आहे. मागे दोन पोरी आणि एक जादा गिटारवाला असतो. मुख्य गायक वरच्या सुराकडे नुसता निघतो, पोरी तिथे आधीच पोचलेल्या असतात. शिवाय पट्टी उतरवायची. बरीच म्हातारी मंडळी जुनी गाणी अर्धा किंवा एक स्वर खाली घेतात, वाद्यं तशी लावून घेतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आज काहीतरी भारदस्त ऐकतोय. निरोपकरांकडे याची तपासणी असते. नातवाचा छोटा कॅसिओ घेऊन ते यूट्यूबवरच्या ताज्या कार्यक्रमाचा सूर धरून बघतात आणि ग्रुपवर निकाल लावतात: ‘अर्धा स्वर खाली. चालेल.’ एक स्वर खाली असेल तर ‘चालवून घेऊ.’ गिलनने ‘चाइल्ड इन टाइम’मधल्या किंकाळ्यांपायी ते गाणं कार्यक्रमातून काढूनच टाकलं, याबद्दल त्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही. ‘ऐंशीला आला म्हणून काय झालं?’ असं विचारणारे हे गृहस्थ दादरचा पूल चढताना दोनदा थांबतात आणि थांबून कठड्यावरून गाड्या बघत असल्याचा बहाणा करतात.

निरोपाचे दौरे हा त्यांचा दुखरा विषय. निरोप हा करार आहे असं ते मानतात, आणि करार मोडणाऱ्यांची त्यांच्याकडे वेगळी यादी आहे. ‘द हू’ने पहिला निरोप घेतला १९८२ साली. किस या बँडने २००० मध्ये घेतला, मग २०१९ मध्ये पुन्हा घ्यायला सुरुवात केली ती २०२३ च्या डिसेंबरात संपली. स्कॉर्पियन्सनी २०१० ला जाहीर केला आणि २०२५ मध्ये ते साठ वर्षं पूर्ण झाल्याबद्दल वाजवत होते. ईगल्सनी तर २००३ मध्ये दौऱ्याच्या नावातच ‘निरोप क्रमांक १’ असं घातलं होतं. त्यांना काय बोलणार? मराठी नाटकवाले ‘शेवटचे पाच प्रयोग’ची जाहिरात देतात आणि सहाव्याला लोकाग्रहास्तव म्हणतात. तिथे निदान कोणाचा तरी आग्रह असतो.

बॉब डिलन या यादीत नाही. त्याने निरोप घेतलेलाच नाही. १९८८ पासून तो वाजवतच सुटलाय. निरोपकरांच्या मुलाने अमेरिकेत त्यांना डिलनला नेलं आणि त्या रात्रीबद्दल ते अजून तक्रारीच्या सुरात बोलतात. दारातच मोबाइल पिशवीत घालून कुलूप लावलं. डिलन पियानोमागे बसलेला, दिसत होती ती बहुतेक टोपी. आणि एक गाणं ओळखू येईल तर शपथ. चाली बदललेल्या, लय बदललेली. शेजारची बाई दुसऱ्या कडव्यात एकाएकी हुंदके द्यायला लागली तेव्हा यांना कळलं की हे कुठलं तरी ओळखीचं गाणं असणार. ‘नोबेलवाला आहे, आपण काय बोलणार,’ निरोपकर म्हणाले. खरं दुःख वेगळंच होतं. फोटो नाही. वसुली झाली आणि पावती नाही. डायरीत त्यांनी ‘वसूल’पुढे कंसात ‘तोंडी’ असं लिहिलंय.

मुलगा न्यू जर्सीत आहे. आईवडील सहा महिने तिकडे जातात, नातवंडं सांभाळतात, वहिनी लोणची घालतात. २०२४ साली या मुक्कामाच्या तारखा ठरवताना निरोपकरांनी इतका पुढाकार घेतला की घरच्यांना संशय यायला हवा होता. मे महिन्यात मेटलाइफ स्टेडियमला रोलिंग स्टोन्स होते. आता एक गोष्ट सांगतो ती मी रचलेली नाही: त्या दौऱ्याचे पुरस्कर्ते होते एएआरपी, म्हणजे पन्नाशीपुढच्या अमेरिकनांसाठी चालवलेली संस्था, जी निवृत्तिवेतन, औषधांच्या किमती आणि आरोग्यविमा यांसाठी झगडते. एके काळी आईबाप ज्यांच्यापासून मुलींना लपवून ठेवत, त्यांच्या नावाच्या वर आता ज्येष्ठ नागरिकांचं पाठबळ लिहिलेलं होतं. निरोपकरांना यात काही विनोदी दिसलं नाही. ‘सवलत होती का ते विचारायला हवं होतं,’ एवढंच म्हणाले.

वाहनतळावर म्हणे मैलभर घडीच्या खुर्च्या. गुडघ्याला पट्टे बांधलेले, पोटावर लाल जीभ छापलेले टी-शर्ट ताणलेले आजोबा बिअरबरोबर रक्तदाबाची गोळी घेत होते. एकाने निरोपकरांना विचारलं, पहिल्यांदा कधी पाहिलंस? त्याने स्वतः १९७२ साली पाहिलं होतं. १९७२ म्हटल्यावर निरोपकरांच्या पोटात कालवलं, पण ताठ मानेने म्हणाले, २००३, मुंबई, ब्रेबॉर्न स्टेडियम, चार्ली वॉट्ससकट. त्यांचा ड्रमवाला चार्ली २०२१ मध्ये गेला असल्यामुळे ‘सकट’ला तिथे मान मिळाला.

ब्रेबॉर्नला जॅगर एकोणसाठ वर्षांचा होता. तेव्हा सेहेचाळिशीतले निरोपकर घरून निघताना कळवळून म्हणाले होते, ‘काय राहिलेत आता त्याचे, बघून येऊ.’ एकवीस वर्षांनी मेटलाइफला तोच माणूस एक्क्याऐंशीला दोन महिने कमी असताना मंचाच्या या टोकाहून त्या टोकाला धावत होता. कमरेतून लचकत होता. मधेच कोट काढून फेकत होता. निरोपकर, वय अडुसष्ट, रेलिंगला धरून उभे. घरी आल्यावर सुनेने विचारलं, ‘बाबा, कसं झालं?’ बाबा चिडलेले. ‘आजारी माणसाला बघायला म्हणून जावं आणि त्यानेच उठून चहा करून द्यावा, तसं झालं. हे बरं नाही.’ दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी तीन किलोमीटर चालू लागले. पाचव्या दिवशी पाय मुरगळला. त्याचं बिल एएआरपीने भरलं नाही.

निरोपकर खुलतात ते ब्लूजमध्ये. आणि इथे माझंही मत त्यांच्याकडे झुकतं. रॉक हे विशीतल्या पोरांनी विशीतल्या पोरांसाठी केलेलं काम, त्यात म्हातारपण ही अडचण. ब्लूज गाणाऱ्याला उलट वयाने बढती मिळते. ते संगीत मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलं, राबलेल्या, फसलेल्या, एकटं पडलेल्या माणसांचं, तेव्हा गाणाऱ्याचे दात पडलेले असले तर ते पात्रतेतच धरायचं. १९६४ साली काही गोऱ्या पोरांनी सन हाउस नावाच्या गायकाला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी शोधून काढलं. १९३० साली त्याने तबकड्या भरल्या होत्या. आता साठीला आलेला, गिटारला हात लावल्याला वर्षं झालेली, आपलीच गाणी विसरलेला. मग अ‍ॅलन विल्सन नावाच्या विशीतल्या पोराने, जो या म्हाताऱ्याच्या तबकड्या पाठ करून बसला होता, त्याला त्याचीच गाणी पुन्हा शिकवली. पुढच्या वर्षी कोलंबिया कंपनीने त्याची नवी रेकॉर्ड काढली. ही हकीकत सांगताना निरोपकरांचा गळा दर वेळी त्याच वाक्याला दाटतो आणि वहिनी दर वेळी त्याच वाक्याला आत निघून जातात.

त्यांचा खुर्चीचा सिद्धान्तही इथलाच. रॉकवाला खुर्चीवर बसला की आजारी दिसतो, ब्लूजवाला बसला की मालक दिसतो. बी. बी. किंग उतारवयात बसूनच वाजवत, आणि समोरच्यांना आपण उभे आहोत याचा संकोच वाटे.

बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्राचा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि निरोपकरांच्या वसुलीला स्थानिक शाखा मिळाली. पहिल्याच वर्षी बडी गाय आले. लुइझियानातल्या शेतमजुराचं पोर, पहिलं वाद्य दोन तारांचं, घरी जोडलेलं. १९५७ साली शिकागोला आला आणि मडी वॉटर्सच्या संगतीत मोठा झाला. ज्यांना जिमी हेंड्रिक्स आणि क्लॅप्टनने गुरुस्थानी मानलं त्यांतला हा. तेव्हा वय चौऱ्याहत्तर. नंतरही ते इथे पुन्हा पुन्हा येत राहिले.

निरोपकरांबरोबर मी तिथे गेलो आहे. निघताना त्यांची पिशवी बघण्यासारखी असते: कानात घालायला कापूस, गुडघ्याची पट्टी, डब्यात थालीपीठ (ते दारात काढून घेतात, दर वेळी घेतात, तरी नेतात), आणि स्वच्छतागृहाकडे जायच्या वाटेलगतची जागा पकडता यावी म्हणून दोन तास आधीची लोकल. आत गेल्यावर ते मंच बघत नाहीत, वाट मोजतात. प्रोस्टेटची गोळी चालू आहे. त्यावर त्यांचा एक तोडगा आहे, जो ते नवख्यांना मोफत देतात: ड्रमचा सोलो सुरू झाला की जायचं. ‘पन्नास वर्षांत ड्रम सोलोमध्ये कोणाचं काही महत्त्वाचं हुकलेलं नाही. तो ठेवलाच आहे त्यासाठी. बाकीचे बँडवालेही तेव्हा आतच गेलेले असतात, बघ.’ मी बघितलं. ड्रमवाल्याखेरीज मंच मोकळा होता.

बडी गाय यांची एक सवय जगजाहीर आहे. वाजवता वाजवता ते मंचावरून उतरतात आणि गर्दीत शिरतात. आम्ही गेलो त्या रात्रीही शिरले. ठिपक्याठिपक्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात गिटार, आणि लोक बाजूला होताहेत. निरोपकर त्यांच्या जागी, वाटेलगत. म्हणजे मोक्याची जागा कोणाला मिळाली ते बघा. म्हातारा तीन फुटांवर येऊन थांबला. एका हाताने सूर धरलेला, तो थरथरता लांबत चाललेला, दुसरा हात गिटारवरून पार उचललेला, आणि चेहऱ्यावर वात्रट हसू. हाताची कातडी सैल, शिरा वर आलेल्या, पण बोट तारेवर रोवलेलं, जराही ढळत नव्हतं. एवढ्या जवळून ऐकलं की कर्ण्यातून येणाऱ्या गडगडाटाखाली नख तारेवर घासल्याचा बारीक आवाजही येतो. तो कॅसेटमध्ये येत नाही. निरोपकरांनी मोबाइल काढला नाही. कानातला कापूस काढला. हे आपणहून फोटो न काढण्याचं त्यांच्या हयातीतलं एकमेव उदाहरण, आणि त्याबद्दल त्यांना विचारलं की विषय बदलतात.

२०२५ च्या जुलैत ऑझी ऑस्बर्नचा शेवटचा कार्यक्रम त्यांनी घरी बसून पाहिला. बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, त्याच्या जन्मगावीच. पार्किन्सन्समुळे उभं राहवत नव्हतं, म्हणून सिंहासनावर बसून गायला. याने १९९२ सालीच ‘आता दौरे बंद’ म्हणून एक दौरा केलेला असल्यामुळे निरोपकरांनी त्याला कधीच विश्वासार्ह मानलं नव्हतं. १७ दिवसांनी तो गेला. त्यांनी डायरी काढली, लाल रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं: ‘मुदतीत फेड.’ रात्री वहिनींनी वरणभात लावला. ऑझीच्या नावाने सदाशिव पेठेतली माहेरवाशीण कुकर लावते, हे त्या बिचाऱ्याला कोणी कळवायला हवं होतं.

बडी गाय यांनी २०२३ मध्ये निरोपाचा दौरा काढला. निरोपकरांनी खातं बंद करून टाकलं, वर गोल शिक्काही उमटवला. मग २०२५ च्या ३० जुलैला, एकोणनव्वदाव्या वाढदिवशी, म्हाताऱ्याने नवी रेकॉर्ड काढली आणि नावातच बजावलं की ब्लूज अजून संपलेला नाही. बंद केलेलं खातं पुन्हा उघडायची तरतूद डायरीत नव्हती. निरोपकरांनी पाचवा रकाना आखला. त्याला नाव अजून दिलेलं नाही.

तेव्हा विनंती एवढीच. मेहबूबला किंवा आणखी कुठे अशा कार्यक्रमाला गेलात तर स्वच्छतागृहाच्या वाटेवर घोळका करून उभे राहू नका. ड्रमचा सोलो सुरू झाला की पाच मिनिटं बाजूला व्हा. कानात कापूस घातलेले एक गृहस्थ घाईने येतील, त्यांना आधी जाऊ द्या. आणि मध्येच कोणी ‘पाणी आलं गं!’ म्हणून ओरडलं तर सुरक्षारक्षकाला बोलावू नका.